शेवटचा माणूस जागेवर बसेपर्यंत

आमच्या चर्चमधल्या ऑर्गनवर, वाजवणाऱ्याच्या डोक्याच्या जरा वर, एक आरसा टांगलेला आहे. स्कूटरच्या आरशाहून थोडा मोठा. वाजवणारा वेदीकडे पाठ करून बसतो, म्हणून मागे काय चाललंय ते कळायला तो लागतो. पाळक उभे राहिले का, प्रार्थना संपली का, प्रभुभोजनाची रांग किती उरली, सगळं त्यात दिसतं. नव्या माणसांना वाटतं मास्तर त्यात भांग बघतात. भांग पाडण्याइतके केस त्यांच्या डोक्यावर उरलेले नाहीत, एवढं तरी त्या नव्या माणसांनी बघायला हवं.

चर्चची सगळी मंडळी ज्यांना मास्तर म्हणते तो माझा नवरा. मी त्याला मास्तर म्हणत नाही. घरात दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणं त्याला अजून जमलेलं नाही, तर मास्तर कशाचा म्हणायचं?

तो चर्चमध्ये पहिल्यांदा आला तो दुरुस्तीला. जुनी वाद्यं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. ऑर्गनच्या भात्याचं चामडं फाटलं होतं, ते त्याने बदललं, सरस वाळू दिला आणि भाता हवा धरतो का हे तपासायला म्हणून एक गीत वाजवलं. मी तेव्हा वेदीजवळ फुलदाण्यांत पाणी घालत होते. पाणी फुलदाणीत किती गेलं आणि फरशीवर किती, ते विचारू नका. वाजवणारी बाई लग्न होऊन परगावी गेली होती, त्यामुळे तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी त्याला विचारलं, रविवारी मोकळे असता का? तो मोकळा होता. पुढचं लांबण लावत नाही. वर्षभरात आम्ही सरकारी कचेरीत जाऊन लग्न केलं. त्यालाही आता तीस वर्षं होतील.

तो मुसलमान आहे. त्या घरात जन्मला हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. पण दर रविवारी उपासनेला येतो, बायको चर्चमधली केलीय, सगळी गीतं पाठ आहेत, म्हणजे म्हाताऱ्या पाळकांनी गुपचूप बाप्तिस्मा उरकला असणार, असं प्रत्येकाने धरून चाललं. म्हाताऱ्या पाळकांना खरं काय ते माहीत होतं. बाकी कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही अळीमिळी गुपचिळी. घरात तो खिडकीजवळ नमाज पढतो, त्याच खोलीत मी शिवणयंत्रावर लोकांच्या पँटी आखूड करते. सजदा चालू असला की मी पायडल थांबवते, आणि मी जेवणाआधी डोळे मिटले की तो चमचा खाली ठेवतो. माझी नणंद अधूनमधून प्रेमाने विचारते, वहिनी, आमच्यात कधी येताय? माझी धाकटी बहीण त्याच्यासाठी दर शुक्रवारी उपास करते. दोन्ही बाजूंनी आमच्यासाठी इतक्या प्रार्थना होतात, तरी आम्ही दोघं जिथल्या तिथे.

आता मला काय हवं होतं तेही सांगून टाकते. त्याने एकदा तरी वेदीपुढच्या कठड्याशी येऊन प्रभुभोजनाची भाकर घ्यावी असं मला वाटायचं. मंडळीसाठी नाही, लोक काय म्हणतील यासाठीही नाही. मला लहानपणापासून जे शिकवलंय त्यात मेल्यावर स्वर्गातल्या बापाच्या घरी जायचा रस्ता एकच आहे, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. मग मी तिथे पोचले आणि हा नसला तर मी तिथे करू काय, ही भीती माझ्या पोटात कायम होती. त्याला मी कधी बोलले नाही. बोलले असते तर माझं मन राखायला तो कदाचित आला असता, आणि तसं येणं मला नको होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. लोक रांगेने पुढे येतात, कठड्याशी गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेतात, परत जागेवर जातात. तोवर ऑर्गन वाजत राहतो. वाजवणाऱ्याचे हात गुंतलेले, पाय भात्यावर, त्यामुळे तो कठड्याशी येत नाही यात कोणाला काही खटकलं नाही. गाणाऱ्यांची पाळी सगळ्यांत शेवटी आणि गाणाऱ्यांत शेवटची खुर्ची माझी. मी परत येऊन बसले की हा ओळ संपवतो आणि हात उचलतो.

म्हातारे पाळक वारले. नवे आले ते तरुण, हसतमुख, चष्मा सतत शर्टाच्या टोकाला पुसणारे. माणूस मनाने चांगला, त्याबद्दल माझं दुमत नाही. त्यांनी दोन-तीन महिने सगळं नीट पाहिलं आणि जे कोणालाच इतकी वर्षं दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. मास्तर भाकर घेत नाहीत. त्यांना वाटलं, बिचारा आमच्यासाठी वाजवत बसतो आणि स्वतः उपाशी राहतो. त्यांनी ठरवलं की ही चूक आपण सुधारायची, आणि सगळ्यांसमोर सुधारायची.

त्या रविवारी गाणाऱ्यांची पाळी येण्याआधीच पाळकांनी हात वर करून वाजवणं थांबवायची खूण केली. याने आरशात पाहिलं आणि हात उचलले. भात्यातली उरलेली हवा हळूहळू बाहेर पडली. पाळक म्हणाले, "इतकी वर्षं मास्तरांनी आपल्याला वाढलं, आज आपण त्यांना वाढू." आणि भाकरीचं ताट घेऊन ते सरळ ऑर्गनकडे चालत आले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गीतांचं पुस्तक मिटलं.

हा उभा राहिला. हळूच बोलला, पण ऑर्गन बंद असल्यामुळे मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"साहेब, मी मुसलमान आहे. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

पाळकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी लगेच स्वतःला सावरलं. "काही हरकत नाही, मास्तर. प्रभूचं मेज सगळ्यांसाठी आहे. देव तुमचा आणि आमचा वेगळा थोडाच आहे? घ्या."

ताट त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, घे. मला तेवढंच सुचत होतं. सगळी मंडळी बघतेय, पाळक स्वतः म्हणतायत, कोणी बाप्तिस्माही मागत नाही, घे.

"घेतली तर तुमचा मान राखायला घेतली असं होईल," तो म्हणाला. "तुमच्या देवासमोर एवढ्यासाठी खोटं वागायला नको. माफ करा."

मग तो बसला, भात्यावर पाय ठेवले आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाजवायला लागला. पाळक ताट घेऊन परत गेले. गाणारे उठले, मीही उठले, भाकर घेतली, पण तिची चव मला कळली नाही.

घरी आल्यावर मी त्याच्याशी बोलले नाही. भांडी मात्र जरुरीपेक्षा जास्त वाजली. शेवटी तोच म्हणाला, "अगं, बोल तरी."

"एक घास होता," मी म्हणाले. "विष नव्हतं."

"विष असतं तर विचार सोपा होता."

मी शिवणयंत्रावर जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड करून ठेवला. नंतर तो सगळा उसवावा लागला. राग मला त्याचा आला होता, पाळकांचा आला होता, आणि जे घडता घडता राहिलं त्याचा सगळ्यांत जास्त आला होता.

पुढच्या आठवड्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक बसली. गाणाऱ्यांच्या वतीने मीही जाते, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं. चर्चमागची ती खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंख्याचा खडखड आवाज. एकजण म्हणाले, बाप्तिस्मा देऊन टाका, पंधरा मिनिटांचं काम. जसं काही बटण लावायचंय. दुसरे म्हणाले, परक्या माणसाने उपासनेत बसावं का, हाच मूळ प्रश्न आहे. तीस वर्षं जो परका नव्हता तो एका रविवारात परका झाला. पाळक सगळ्यांना समजावत होते की सगळे रस्ते शेवटी एकाच ठिकाणी जातात, मास्तरांना जसे आहेत तसेच मेजावर घ्यावं. त्यावर आणखी गोंधळ झाला. निर्णय असा झाला की निर्णय होईपर्यंत प्रभुभोजनाच्या वेळी ऑर्गन बंद.

मी घरी येऊन सांगितलं. तो म्हणाला, "मग मी येतच नाही तोवर. मी तिथे बसलो की लोक देवाचा विचार सोडून माझा करणार."

पुढच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन शांततेत झालं. ते कसं झालं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. कोणाचा बूट करकरला, कोणाच्या गुडघ्याचं हाड वाजलं, कोणीतरी नाक शिंकरलं आणि मग लाजून दुसऱ्यांदा शिंकरलं नाही. लोक घाईने कठड्याशी येत होते आणि घाईने परत जात होते, जसं दवाखान्यात नंबर लागल्यावर करतात. माझी पाळी शेवटी आली. मी भाकर गिळली तो आवाज मला स्वतःला ऐकू आला. वळून बघितलं तर ऑर्गनच्या आरशात वाजवणाऱ्याची जागा रिकामी दिसत होती.

त्यानंतर चारच दिवसांनी, दुपारी, पाळक आमच्या घरी आले. बरोबर डॉक्टर होते. हे दातांचे डॉक्टर, पंचांमध्ये सगळ्यांत जुने. कुठल्याही ठरावाला पहिला विरोध त्यांचा, म्हणून त्यांच्या पाठीमागे मंडळी त्यांना ब्रेक म्हणते. शास्त्राच्या बाबतीत ते काना-मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाहीत. त्यांना दारात बघून ऑर्गन कायमचा गेला असंच मी धरलं. मी खुर्चीवरचा पँटींचा ढीग उचलून त्यांना बसायला जागा केली आणि चहा टाकला. आमचं स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये नुसता पडदा आहे, त्यामुळे एकही शब्द सुटला नाही.

पाळकांनी आधी माफी मागितली. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं, मास्तर. मला वाटलं मी दार उघडतोय."

"तुमचा हेतू चांगला होता," हा म्हणाला.

"पण मला अजूनही वाटतं तुम्ही घ्यायला हरकत नव्हती. आपण सगळे एकाच देवाची लेकरं. नावं वेगळी, एवढंच."

"एवढंच असतं तर मी तीस वर्षं कशासाठी मागे बसलो?" हा म्हणाला. "साहेब, मी ईसाला मानतो. आमच्या घरात त्यांचं नाव अदबीने घेतात. पण तुम्ही मानता तसा नाही मानत. ती भाकर तुम्ही ज्यासाठी खाता, ते मी म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणता फरक नाही. पण फरक आहे, आणि तो मी इतकी वर्षं सांभाळलाय. माझ्यासाठीही आणि तुमच्यासाठीही."

मी चहा घेऊन बाहेर आले. डॉक्टरांनी कप घेतला, बशी गुडघ्यावर ठेवली आणि घसा साफ केला.

"माझं मत सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "आत्म्याचं तारण प्रभूच्या एकाच नावात आहे. मास्तरांचं पुढे काय होईल ते माझ्या शास्त्रात लिहिलंय, आणि ते वाचताना मला आनंद होत नाही."

"डॉक्टर, प्लीज," पाळक म्हणाले.

"बोलू द्या त्यांना," हा म्हणाला. "मलाही वाटतं डॉक्टर चुकलेत."

"वाटायलाच पाहिजे. नाहीतर तुम्ही बाप्तिस्मा घेतला असता." डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला. "पण मी मुद्द्याचं बोलतो. ऑर्गन वाजवायला तारण झालेलं असावं लागतं असं मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. मी शोधलं. गेल्या रविवारी माझ्या पलीकडे गुडघे टेकलेल्या माणसाचं पोट गुरगुरत होतं, आणि मी प्रभूच्या दुःखाऐवजी त्याच्या नाश्त्याचा विचार केला. हे मला चालणार नाही. मी पंचांना सांगणार आहे, मास्तर पूर्वीसारखे वाजवतील. ताट घेऊन त्यांच्याकडे कोणी जाणार नाही, आणि बाप्तिस्म्याचं विचारायलाही कोणी जाणार नाही. ज्या दिवशी त्यांना यावंसं वाटेल त्या दिवशी कठडा कुठे आहे ते त्यांना ठाऊक आहे."

सगळ्या आयुष्यात डॉक्टरांनी मांडलेला हा पहिला ठराव असावा. नवऱ्याने मान डोलावली. पाळक मात्र चष्मा काढून पुसायला लागले.

"माझी आजी कधी चर्चमध्ये आली नाही," ते म्हणाले. "तिने मला वाढवलं. तिचे देव वेगळे होते. ती गेली तेव्हा मी शास्त्राच्या कॉलेजात शिकत होतो, आणि तिथे मला शिकवत होते की अशा माणसांचं काय होतं. मला ते सहनच झालं नाही. म्हणून मी म्हणतो की सगळे रस्ते एक. दुसरं काय म्हणू?"

तोवर मी त्यांना बालिश समजत होते. त्या क्षणी मला कळलं की त्यांच्या पोटातही तीच भीती आहे जी माझ्या पोटात आहे. त्यांनी ती सगळ्यांना एकत्र बोलावून घालवायचा प्रयत्न केला, मी गप्प बसून. मग मला राहवलं नाही.

"मग मला सांगा," मी म्हणाले. "मी तिथे पोचले आणि हा नसला, तर?"

नवऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

पाळक म्हणाले, "देवाची दया मोठी आहे, काकू." ते खरंच असेल, पण मला ते पावसात कोणी छत्रीची जाहिरात दाखवल्यासारखं वाटलं. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं. त्यांनी कपाच्या तळाशी पाहिलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही." एवढं म्हणून ते उठले आणि चपला शोधायला लागले. पाळकांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही याचा विचार केला आणि शेवटी नमस्कार करून गेले.

दार लावून हा आत आला. मी कप विसळत होते. तो माझ्या बाजूला उभा राहिला आणि एकेक कप पुसून ठेवू लागला. त्यातला एक कप पडणार हे मी धरूनच होते, पण पडला नाही.

"हे कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू आला असतास. खोटा."

त्याने शेवटचा कप पुसून ठेवला. मग म्हणाला, "मी आरशात काय बघतो माहीत आहे का तुला?"

"रांग."

"रांग बघतो ती थांबायचं कधी ते कळायला. शेवटचा माणूस जागेवर बसेपर्यंत वाजवायचं, मध्येच सोडायचं नाही, हे मला म्हाताऱ्या पाळकांनी पहिल्या दिवशी शिकवलं. कोणाला एकट्याला शांततेत चालत जावं लागू नये म्हणून. आणि तुमच्यात शेवटची कोण असते?"

मी नळ बंद केला.

"तिथलं मला काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुझ्या डॉक्टरांनाही येत नाही, मग मला कुठून येणार? मला आमच्यात जे सांगितलंय ते वेगळंच आहे, त्यात तुझं काय होईल याची मलाही काळजी वाटते. पण एवढं सांगतो. तू जाशील तेव्हा मी वाजवत असेन. तू बसेपर्यंत थांबणार नाही."

त्यालाही माझ्यासारखीच भीती होती, आणि तीस वर्षांत त्यानेही ती मला सांगितली नव्हती. आम्ही दोघं एकाच खोलीत एकमेकांसाठी घाबरून बसलो होतो, मी पायडल थांबवून आणि तो चमचा खाली ठेवून. मला हसूही आलं आणि रडूही. रडले मात्र नाही, कारण तो लगेच पाणी आणायला धावला असता आणि ग्लास फोडला असता.

पंचांनी डॉक्टरांचा ठराव मान्य केला. ब्रेकनेच पुढे जायला सांगितल्यावर बाकीचे काय बोलणार? एकदोघांनी नाकं मुरडली, एक कुटुंब दुसऱ्या चर्चमध्ये गेलं. पाळकांनी प्रवचनात या विषयाला हात लावला नाही, याचं मला बरं वाटलं.

पुढच्या पहिल्या रविवारी हा आपल्या जागेवर होता. रांग निघाली, ऑर्गन सुरू झाला. डॉक्टर गुडघे टेकून गेले, परत जागेवर बसले आणि डोळे मिटून घेतले. गाणारे उठले. मी सगळ्यांच्या मागे कठड्याशी गेले, गुडघे टेकले, भाकर घेतली, द्राक्षरस घेतला. पाळक पुढे सरकले. माझ्या बाजूची बाई उठून गेली.

एरवी मी लगेच उठते. गुडघे दुखतात, आणि सगळी मंडळी माझ्यासाठी खोळंबते हे मला कधी आवडलं नाही. त्या दिवशी मी उठले नाही. गीताची ओळ संपत आली. मी तशीच बसून राहिले. ओळ संपली, आणि हात न उचलता त्याने तेच गीत पुन्हा पहिल्यापासून धरलं. मग तेही संपलं आणि तो तिसऱ्यांदा वाजवू लागला. पाळक रिकामा पेला हातात धरून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. मागे कोणीतरी खोकलं, बहुतेक डॉक्टरच. मी मान वळवून आरशात पाहिलं. त्यात तो होता, माझ्याकडे बघत, आणि पाय भात्यावर चालू होते.